घरच्या मिठाची काच

जुन्या पद्धतीने फोटोची काच घरी बनवायचं खूळ डोक्यात शिरलं, की काच बिघडते, पण सांगायला काहीतरी हाती लागतंच. आमच्याकडे धड काचा मोजक्या, किस्से ढीगभर!

आम्ही तिघं. सुकापूरचा स्टुडिओवाला म्हात्रे, केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या कुलकर्णी मॅडम आणि सामान आणणारा मी. जिलेटिनमध्ये मीठ विरघळवायचं, साध्या उजेडाने माल बिघडतो म्हणून लाल दिव्यात सिल्व्हर नायट्रेट ओतायचं, की दुधासारखं इमल्शन तयार होतं. ते काचेवर पसरलं की काच फोटो धरते. मीठ बाजारातलं चालतं, पण म्हात्रेला घरचंच हवं होतं. त्याच्या बाबांचं मिठागर प्रकल्पात गेलं, शेवटचं मीठ एका डब्यात उरलं होतं. त्या मिठाच्या काचेवर बाबांचा फोटो काढायचा, एवढाच त्याचा हट्ट. बाबा थकलेले, डबा अर्ध्यावर आलेला.

*

मॅडम पक्क्या शाकाहारी. जिलेटिन हाडांचं, म्हणून पहिल्यांदा त्यांनी चायनाग्रास वापरायला लावलं. फोटो सुरेख उमटला! धुवायला घेतला तर काचेवरून सुटला आणि मोरीत गेला.

मॅडम मोरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जिलेटिन आणा. पण ढवळणार तुम्ही!"

*

घट्ट झालेलं इमल्शन बारीक करून गार पाण्यात धुवावं लागतं. त्यासाठी म्हात्रेने घरचा सोऱ्या आणला. लाल दिव्यात शेव पाडावी तसा माल पाडला. सोऱ्या परत नेला, तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय पाडलंत यात?"

"चांदी."

"मग ठेवा तुमच्याकडेच. मला नवीन आणा, पितळेचा!"

*

सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की उजेडात काळं पडतं आणि साबणाला दाद देत नाही. मतदानाच्या शाईतही तेच असतं. म्हात्रे मतदानाला गेला तो दहाही बोटं काळी घेऊन. केंद्रावरच्या बाईंनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट बघितले.

"अहो, एखादा उमेदवार तरी सोडलात का?"

*

एकदा माल असा जमला, की मॅडम चक्क "बरं आहे" म्हणाल्या. मे महिना, पनवेलचा उकाडा, इमल्शन घट्टच होईना. म्हणून म्हात्रेने पातेलं ठेवायला फ्रिज उघडला.

फ्रिजमध्ये बल्ब असतो. हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

सगळा माल वाया! म्हात्रेने मिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपला. "आता एकदाच होईल," तो म्हणाला. आम्हाला फार वाईट वाटलं. मॅडमनी तर त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

*

त्या उरलेल्या मिठातून एकच काच धड निघाली. बाबांना भर उन्हात स्टुलावर बसवलं. ही काच फार मंद, उजेड सावकाश धरते, त्यामुळे अजिबात हलायचं नाही. बाबा हलले नाहीत. म्हात्रे "झालं" म्हणाला, तरी हलले नाहीत.

"बाबा, झालं! उठा आता."

"येवढ्यात? मिठाला टाइम लागतं."

काच धुऊन खिडकीशी धरली. चेहरा लख्ख उमटला होता. "बाबा, ही निगेटिव्ह," म्हात्रे म्हणाला. "यात पांढरं ते काळं दिसतं. आता यावरून खरा फोटो काढतो."

बाबांनी काच डोळ्यांजवळ नेली. पांढऱ्याशुभ्र केसांच्या जागी काळेभोर केस. त्यांनी काच खाली ठेवलीच नाही.

"नको," ते म्हणाले. "यो मी मिठागर व्हतं तवाचा हाय."