रुग्णाच्या फार जवळ

ओडेसाचे दोन दात इमर्जन्सीच्या फरशीवर पडले, तेव्हा तिच्या अर्जाची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते.

ओडेसा प्रुइट आमच्या गल्लीतली. वय एकतीस. इतिहासाची पदवी घेतली, आणि त्या पदवीने फिलाडेल्फियात तिला काय दिलं? दुकानात शर्टांच्या घड्या घालायचं काम. मग ती इमर्जन्सीत रुग्णसहायक झाली. उचलायचं, पुसायचं, धरून ठेवायचं. सहा वर्षं. संध्याकाळच्या वर्गांत शरीरशास्त्र, रसायनशास्त्र पुरं केलं, कारण दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना थेट नर्सिंगच्या मास्टर्सला घेणारं एक कॉलेज आहे. जागा चाळीस, अर्ज नऊशे. गेल्या वर्षी नकार आला होता. यंदा शेवटची संधी, कारण रसायनशास्त्राचे गुण पाच वर्षांनी शिळे होतात. पुढच्या वर्षी ते धरले नसते.

मी रोवेना, गल्लीची मिस रो. शाळा दहावीत सोडली. गोळी लागलेल्याचं रक्त कसं थांबवायचं हे रस्त्यावर शिकले आणि आता घराच्या पायरीवर बसून गल्लीला शिकवते. पहिली शिष्या ओडेसाच. अन्याय झाला की भोंगा घेऊन माणसं गोळा करायची, हेही माझंच काम.

त्या शनिवारी दुपारी दोन भाऊ आणले. मोठ्याच्या गळ्यात गोळी, धाकट्याच्या मांडीत. मध्ये एक पडदा. मोठा टेबलावरच गेला, आणि धाकट्याने ते ऐकलं. त्याने सलाइनचा खांब ओढून काच फोडली, डॉक्टरला भिंतीवर आपटलं. मांडीतून रक्ताची धार उडत होती. ओडेसा दोन्ही हातांनी ती धार दाबून उभी. त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. तिसऱ्याला दात गेले. पोरीने हात काढले नाहीत. दारावरचा गार्ड? शनिवार-रविवारचा गार्ड हॉस्पिटलने उन्हाळ्यातच बंद केला होता.

सोमवारी तिच्या ओठाला टाके होते, म्हणून मी सोबत गेले. हेड नर्स हॅलोरनबाईंनी घटनेच्या नोंदीचा फॉर्म पुढे सरकवला. शेवटचा प्रश्न: हे टाळण्यासाठी तुम्ही काय वेगळं केलं असतं? ओडेसाने लिहिलं, 'गार्ड ठेवला असता.'

"अगं, प्रश्न तुझ्याबद्दल आहे," हॅलोरनबाई गोड हसल्या. "लिही, मी रुग्णाच्या फार जवळ उभी होते."

"माझे हात एवढेच लांब आहेत," ओडेसा टाक्यांतून म्हणाली.

"तुझं शिफारसपत्र मला याच आठवड्यात लिहायचंय. लक्षात आहे ना?"

मी उठले. "बाई, ही धमकी का?"

"आपण कोण?"

"शाळा सोडलेली. पण धमकी वाचता येते."

ओडेसाने दंड धरून मला बाहेर ओढलं.

वरिष्ठ नर्सचं पत्र असल्याशिवाय अर्ज उघडतसुद्धा नाहीत. आणि 'हे पत्र मी कधीच बघणार नाही' अशी खूण ओडेसाने अर्जावर आधीच केली होती. सगळेच करतात. न करणाऱ्याचं पत्र म्हणजे खुशामत, असं कॉलेज धरून चालतं. म्हणजे आता ती बाई काहीही लिहायला मोकळी.

"उद्या दारात दीडशे माणसं उभी करते," मी म्हटलं. "भोंगा घेऊन."

"नका, मिस रो. तुमचा भोंगा माझा अर्ज खाईल."

"आणि ती बाई नाही खाणार?"

"खाईलही. पण फॉर्म मी बदलणार नाही."

"मग त्या मुलावर केस तरी कर. कायदा आहे."

"त्याचा भाऊ पडद्यापलीकडे मेला. आता मी त्याला कोर्टात ओढू?"

मी कठड्याला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं. भोंगा मात्र कपाटातच राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी गप्प बसले.

जानेवारीत मुलाखत झाली, ओडेसाने मला नंतर सगळी सांगितली. समोर तिघं. एकाने कागदावरून वाचलं: "तुमच्या वरिष्ठ लिहितात, ही रुग्णाच्या फार जवळ उभी राहते, धोका ओळखत नाही. काय म्हणाल?"

"खरं आहे," ओडेसा म्हणाली. दातांची फट झाकली नाही. "मागे सरकले असते तर दात वाचले असते आणि तो मेला असता. तुमच्याकडे किती अंतरावर उभं राहायला शिकवतात?"

दोघांनी कागदात डोकं घातलं. तिसरी पिकल्या केसांची नर्स. तिने विचारलं, "कुठल्या हाताने मारलं?"

"डाव्या. मी उजव्याकडे बघत होते."

"माझा जबडा ज्याने मोडला तोही डावखुराच होता."

मार्चमध्ये उत्तर आलं: प्रतीक्षा यादी, तिसरा क्रमांक. भोंगा पुन्हा कपाटातच.

एप्रिलच्या एका रविवारी त्याच इमर्जन्सीत एका रुग्णाने वायली नावाच्या सहायकाच्या मानेत कात्री खुपसली. दारावर कोणी नव्हतं. वायली वाचला, उजवा हात लुळा पडला. मी आठवडाभर ओडेसाशी बोलले नाही. स्वतःशीही बोलले नाही म्हणा. दीडशे माणसं तेव्हाच उभी केली असती तर? हा प्रश्न कोणी फॉर्मवर विचारत नाही.

जूनमध्ये जागा मिळाली. स्वीकारल्याची सही ओडेसाने सकाळी केली आणि दुपारी माझ्या पायरीवर आली. काखेत पुठ्ठा होता. त्यावर जाड काळ्या अक्षरांत तिचंच फॉर्मवरचं उत्तर: गार्ड ठेवला असता. खाली वायलीचं नाव.

"बातमी ऐकली," मी म्हटलं. "अभिनंदन."

"ते राहू द्या. भोंगा कुठाय, मिस रो?"