राणीचं माहेर

रामटेकच्या डोंगराखाली, नगरधनच्या बाजूला, फार पूर्वी एक राज्य होतं. ते वैभवाला कसं चढलं यावर विद्वानांनी भरपूर लिहिलं आहे, पण मुळात सुरू कसं झालं हे कुणालाच ठाऊक नाही. कादंबरी लिहू पाहणाऱ्या बाईला आणखी काय हवं? सत्तरच्या दशकात, नागपुरात नव्याने नांदत असताना, सासरे आणि नवरा कामावर गेले की मी फुलस्केप कागद घेऊन राज्य स्थापन करायला बसत असे.

माझं राज्य लढाईने नाही, लग्नाने उभं राहत होतं. कन्हानच्या दोन काठांवरच्या दोन टोळ्या पिढ्यानपिढ्या एकमेकींची गुरं पळवतात. शेवटी पलीकडची मुलगी अलीकडे दिली जाते. ही माहेरी जाऊन आपला भेद देईल, अशी अलीकडच्या म्हाताऱ्यांना धास्ती. म्हणून ती नदीत उभी राहून शपथ घेते, की पुन्हा त्या काठावर पाय ठेवणार नाही. त्या शपथेवर राज्याचा पाया रचला जातो. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले, की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

श्रोता एकच होता, माझ्या सासूबाई. मे महिन्याच्या दुपारी त्या पाटावर शेवया करत बसायच्या आणि मी वाचायची.

“कूलर बंद कर वं,” त्या म्हणायच्या. “राणी ऐकू नाही येऊन राहिली.”

नागपूरच्या मे महिन्यात कुणी कुणासाठी कूलर बंद करत नाही. त्या राणीसाठी करायच्या. मला ते माझ्या लेखणीचं कौतुक वाटे.

शपथेचं प्रकरण वाचलं त्या दिवशी त्यांचे हात थांबले.

“एकडाव तिले माहेरी पाठव ना वं.”

“आई, ती गेली तर राज्य पडेल.”

“एका दिवसानं काय पडते? अन् पडलं तं पडू दे.”

त्या हे कुणाबद्दल बोलत होत्या, ते मला लगेच कळलं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं माहेर खाप्याचं, कन्हानच्याच काठावरचं. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नात सासऱ्यांना पहिल्या पंगतीत कुणी बसवलं नाही. सासरे न जेवताच निघाले आणि घरी येऊन म्हणाले, “त्या दारात माझ्या घरचं माणूस पुन्हा जाणार नाही.” त्यानंतर खाप्याहून आमंत्रणं यायची, सासरे ती बाजूला टाकायचे, आणि सासूबाई गप्प राहायच्या. खाप्याच्या वाटेची, सावनेरकडे जाणारी एसटी गेली की मात्र त्यांचं लक्ष तिच्यामागे जायचं.

मी राणीला माहेरी पाठवलं. पहाटेची डोंगी, आणि तिला ओढून घ्यायला कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला भाऊ. वाचून झालं, सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता मले भी नेऊन दे.”

अदाशाच्या गणपतीला जातो असं घरी सांगून आम्ही एसटीत बसलो. ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा, भावासाठी शर्टाचं कापड आणि डबाभर शेवया. वाटभर त्या भावाला काय म्हणायचं ते जुळवत होत्या. भाऊ रागाने बोलला तर बोलू द्यायचं, मी मधे पडायचं नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

भाऊ अंगणात निंबाखाली दोर वळत होता. “अवं बाई! तू?” म्हणत तो उठला, पाया पडला, आत चहा सांगितला. सासूबाई खाटेवर टेकल्याही नाहीत.

“त्या दिवसाचं मनात धरू नको गा,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा स्वभावच तसा हाये. ते पंगतीवरून...”

“कोनती पंगत?”

त्यांनी सांगितलं. भावाने अगदी मनापासून आठवून पाहिलं.

“पोरीचं लगन होतं बाई. कोन पहिल्या पंगतीत बसलं अन् कोन दुसऱ्या, मले काय याद! आमी तं समजलो, तुमी नागपूरवाले, तुमाले टाइम भेटत नसन.”

तो हसला. त्यात खोच नव्हती. मग त्याने आंबे आणायला नातवाला पिटाळलं.

तो चिडला असता, घालूनपाडून बोलला असता, तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं या घरात कुणी रुसलेलंच नव्हतं. सासूबाईंनी आमरस खाल्ला, कापड दिलं, सगळ्यांची चौकशी केली. पाहुणी वागते तशा त्या वागल्या.

परतीच्या एसटीत सावनेर येईपर्यंत त्या रिकामी पिशवी मांडीवर धरून बसल्या.

“राणीले परत आन वं,” मग म्हणाल्या.

“काहून?” मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

“जाऊच नको देऊ तिले. तिनं एवढं सोडलं, त्याचं काहीतरी वजन राहू दे.”

घरी सासऱ्यांनी विचारलं, “दर्शन झालं का?”

“झालं,” त्या म्हणाल्या.

माहेरी जाण्याचं प्रकरण मी फाडून टाकलं. पुस्तक निघाल्यावर राणीच्या शपथेचं फार कौतुक झालं. मला मात्र ते कौतुक आजही बोचतं. मी त्यांना खूप आधी न्यायला हवं होतं असं वाटतं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं की नेलंच नसतं तर बरं झालं असतं. भावाकडून वाट मोकळी होती, तरी त्या पुन्हा खाप्याला गेल्या नाहीत.

छापील प्रत हातात आली तेव्हा पुन्हा मे महिना होता. सासूबाईंनी शेवटचं पान वाचायला लावलं आणि स्वतः उठून कूलर बंद केला. त्या पानावर मी त्यांना न विचारता एक गोष्ट घातली होती. दरवर्षी त्याच तिथीला राणीचा भाऊ पलीकडच्या काठावर दिवा घेऊन येतो आणि अंधार होईपर्यंत उभा राहतो.



“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “त्याले याद हाये.”

मग म्हणाल्या, “लाव आता कूलर.”