उंबऱ्याबाहेरचे कपडे

वच्छलाबाईंचं माहेर पैठणकडचं, मेंढ्या राखणाऱ्यांचं. लग्न करून त्या औरंगाबादला मुकुंदवाडीत आल्या. नवरा मुंजाबा चिकलठाण्याला नानासाहेब नावाच्या ठेकेदाराकडं कामाला. कारखान्यातला बॉयलर दुरुस्तीला निघाला, की त्याच्यावरचं जुनं आवरण खरवडून काढायचं, हे त्याचं काम. उष्णता आत कोंडून धरणारं ते आवरण कधी काचेच्या लोकरीचं असायचं, कधी ॲस्बेस्टॉसचं.

त्याचे कपडे धुतले की वच्छलाबाईंच्या हातांची आग व्हायची. धाकटी द्वारका बापाच्या मांडीवर बसली की तिच्या अंगावर पुरळ उठायचं. शेवटी पोरीला काखोटीला मारून त्यांनी सरकारी घाटी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "खाज जाईल हो. पण ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून छातीत गेले की तिथंच राहतात, आणि कैक वर्षांनी फुफ्फुसं खराब करतात. ते कपडे घरात आणूच नका."

संध्याकाळी मुंजाबा अंगणात आला, तर बायको बादली घेऊन समोर उभी.

"तिथंच थांबा!"

"कामून? माझंच घर हाय ना?"

"घर तुमचंच, पर अंगावरलं इख आत नका आणू!" म्हणत त्यांनी अख्खी बादली त्याच्या डोक्यावर ओतली.

गल्ली हसायला लागली. मुंजाबा संतापला. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं कानावर पडलं तसा ओल्या अंगानंच दगडावर बसला. "मंग आमच्या छातीचं काय गं?" त्यानं हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई तडक नानासाहेबांपुढं उभ्या राहिल्या.

"वहिनी, माझी माणसं वर्षानुवर्षं हेच करतात. कुणाला काय झालं?"

"तुम्ही कधी उभं राहिलात का तिथं? एकडाव बघा, मंग बोला."

नानासाहेब माणूस वाईट नव्हता. तोंडाला रुमाल लावून तो बॉयलरपाशी गेला. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येत होती, आणि त्या तिरिपेत तंतूच तंतू लखलखत होते! एक खराटा फिरला की नवा लोट उठायचा. नानासाहेब मान खाजवत बाहेर आला आणि ओरडला, "बंद करा रे! सगळे बाहेर या!"

मग त्यानं एका मोठ्या कारखान्यातल्या जाणत्या साहेबांकडून कामाची रीत समजून घेतली. औरंगपुऱ्याच्या बाजारातून कोरा फवारणीचा पंप आणला. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, हातमोजे, अंगभर झगे आणि गाळणीचे मास्क मागवले. मास्क गालाला घट्ट बसेना, म्हणून तिथंच कामाला असलेल्या मुंजाबाच्या भावानं, कडूबानं, लाडाची दाढी काढली. त्याला ओळखायला त्याच्या आईलाही वेळ लागला!

नव्या रीतीच्या पहिल्या दिवशी वच्छलाबाई फाटकाबाहेरूनच मान उंचावून बघत होत्या. बॉयलर गार झालेला. आवरणावर साबणाच्या पाण्याची बारीक फवारा बसला, आणि ते भिजल्या भाकरीसारखं अलगद सुटायला लागलं. धूळ नाही, लोट नाही! सुटलेला तुकडा ओला असतानाच पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधलेलं. खराट्याला कुणी हात लावला नाही. जमीन ओल्या फडक्यांनी पुसली आणि फडकीही पिशवीत गेली.

"निघालं का?" वच्छलाबाईंनी हाळी दिली.

मुंजाबानं दोन्ही हात वर केले. मास्कमधून बोलता कुठं येत होतं!

कामाचे झगे तिथंच राहिले. नानासाहेबानं शेडच्या मागं नव्या न्हाणीघराला नळ बसवला होता. आंघोळ करून, घरून नेलेला धुतला सदरा घालून मुंजाबा गल्लीत शिरला तसं बायका दारात आल्या. भांग पाडलेला, साबणाचा वास सुटलेला.

"अगं वच्छे, पाव्हणे आले बघ!" शेजारच्या मनकर्णाबाई ओरडल्या.

द्वारका दुडुदुडु धावली आणि बापाच्या गळ्यात पडली. आज तिला कुणी मागं ओढलं नाही.

आधीच्या वर्षांत छातीत गेलेलं काही परत निघालं नाही. आता म्हातारपणी मुंजाबाला चढ चढताना दम लागतो, आणि तपासणीला वच्छलाबाई त्याला स्वतः नेतात. पण त्या दिवसानंतर नव्यानं कामावर आलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी त्या गेल्या. चहा होईस्तोवर त्याच्या बायकोला सगळं समजावायच्या आणि उठताना दटावायच्या, "ऐकलं नाय, तर बादली हाय बरं का!"