रविवारच्या ताटाची बेरीज

कल्पना करा, तुमच्यासमोर चार वर्षांचं एक मूल उभं आहे. नाक वाहतंय, हातात अर्धी पोळी आहे. काल दिवसभरात त्याच्या पोटात कीटकनाशक किती गेलं, हे तुम्हाला सांगायचंय. मुलाला हात लावायचा नाही, रक्त काढायचं नाही. हाताशी दोनच गोष्टी आहेत: त्याच्या आईने सांगितलेलं कालचं जेवण आणि बाजारातून आणून तपासलेल्या भाज्यांचे आकडे.

वांग्यात एक रसायन सापडलंय, फ्लॉवरमध्ये दुसरं, कोथिंबिरीत तिसरं आणि चौथं. एकेकटं पाहिलं तर प्रत्येक मर्यादेच्या आत. पण ही सगळी एकाच घराण्यातली, मज्जातंतूंचं एकच काम अडवणारी. शरीर त्यांना वेगवेगळ्या रांगेत उभं करत नाही. म्हणून तुम्ही एकाला माप धरता. दुसरं त्याच्या तिप्पट जहाल असेल तर त्याचा एक कण तीन मोजता. मग सगळ्यांची बेरीज, भागिले मुलाचं वजन. भागाकारापाशी आलात की कळतं, मूल लहान असतं म्हणजे काय असतं. हे सगळं संगणकाकडून हजारो वेळा करून घ्यायचं, दर वेळी भाजीचा नमुना बदलून, कारण मुलाने नेमकी कुठली जुडी खाल्ली ते कुणालाच ठाऊक नाही.

मानसी परब हे काम करते. अंधेरीतल्या एका खासगी सल्लागार कंपनीत. राहायला घाटकोपरला. वडील गुणाजी मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी गेल्यावर नाहूरच्या एका सोसायटीच्या गेटवर बसले, ते गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत. मुलगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली याचा त्यांना अभिमान आहे, पण ती करते काय ते त्यांना पटलेलं नाही.

"दिवसभर बसान काय करतंस गो तू?" त्यांनी एकदा विचारलं.

"विषाची बेरीज, बाबा."

"आणि वजाबाकी कोण करतलो?"

मानसी हसली. पुढे हे वाक्य आठवून तिला हसू येईनासं झालं.

गोवंडीत बालवाड्या चालवणाऱ्या एका ट्रस्टने कंपनीला काम दिलं. प्रश्न सरळ होता. बालवाडीत दुपारी मुलांना भाजी मिळते. घरचं खाणं आणि ही भाजी मिळून मुलांच्या पोटात जाणारं कीटकनाशक मर्यादेत राहतं का? राहत नसेल तर ट्रस्ट भाजीचा पुरवठादार बदलणार होता. महाग पडलं तरी चालेल, म्हणाले होते.

बालवाडीतलं जेवण मेनूवरून धरायचं होतं. घरच्या खाण्याचं सर्वेक्षण मानसीचे वरिष्ठ देवव्रत सरांनी आधीच उरकून घेतलं होतं. मानसीने गणित चालवलं. जवळजवळ सगळी मुलं मर्यादेच्या आत आली.

"झकास," देवव्रत सर म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी ट्रस्टला फोनवर सांगूनही टाकलं.

अहवाल लिहायच्या आधी मानसी नेहमी घरचं ताट गणितात घालून बघते. आकडे कुठे वेडेवाकडे येत नाहीत ना, एवढ्यासाठी. त्या रविवारी बांगड्याचा तिकला, भात आणि सोलकढी होती. उत्तर आलं नगण्य. गंमत म्हणून तिने मंगळवारीही घातलं. माठ, गवार आणि सकाळच्या डब्यातला फ्लॉवर. ताट बाबांचं, पण दोन्ही दिवशी घासांचं माप आणि वजन तिने चार वर्षांच्या मुलाचं दिलं. आकडा मर्यादेची रेषा ओलांडून गेला.

तिने आधी चूक प्रोग्रॅममध्ये शोधली. नव्हती. मग सर्वेक्षणातल्या तारखा उघडल्या. सगळ्या मुलाखती सोमवारच्या होत्या. सोमवारी बालवाडीत मुलांचं वजन होतं, आया आपोआप जमतात, तिथेच बसून सर्वेक्षणाच्या मुलींनी सगळ्यांना विचारून घेतलं होतं: काल काय खाल्लं?

"सर, ही सगळी रविवारची ताटं आहेत," ती देवव्रत सरांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली.

"बरं मग?"

"रविवारी भाजी कोण करतं?"

"आमच्याकडे करतात. भरली वांगी असतात." देवव्रत सर मुलुंडचे, घरात अंडंसुद्धा येत नाही.

"गोवंडीत नसतात, सर. कुणाकडे कोंबडी, कुणाकडे नुसते पाय आणि मुंडी, पण रविवारी वशाटच. आमच्याकडेही तेच."

सरांनी विचारलं, "तुझ्याच घरची गोष्ट आहे ना ही? मग तुला इतके दिवस दिसली कशी नाही?"

रकान्यांमध्ये मासे आणि कोंबडी तिने रोज पाहिली होती, आणि तिला ते इतकं घरचं वाटलं होतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे हे सुचलंच नव्हतं.

तिने अंदाजाने बाकीच्या वारांची ताटं भरून गणित पुन्हा चालवलं. दर तिसरं मूल रेषेपलीकडे गेलं. सरांनी तो आलेख नीट पाहिला, हे खरं.

"पण हे तू भरलेलं आहेस, कुणी सांगितलेलं नाही. उद्या विचारलं, ही ताटं कुठून आणलीत, तर काय सांगशील? बाबांच्या पानावरून?"

"म्हणून तर पुन्हा विचारून येऊया म्हणतेय. फक्त दुसऱ्या वारी."

"फोन झालाय यार त्यांना. शेवटी एक ओळ टाक आणि संपव."

तिने लिहिलं, की माहिती रविवारची आहे, त्या दिवशी घरोघर भाजी नसते, म्हणून हा निष्कर्ष धरून चालू नये. सरांनी कापून ठेवलं: 'आहाराची माहिती आठवड्यातील एका दिवसापुरती मर्यादित आहे.' खाली सही मानसीची.

अहवाल गेल्यानंतर ती बालवाडीत गेली. शिक्षिका शकुताई पातेल्याशी बसून वाढत होत्या.

"या मॅडम. तुमच्या कृपेने आता आठवडाभर पालेभाजी. आधी तीनच दिवस द्यायचो, धाकधूक असायची. आता कागदच आलाय, सुरक्षित म्हणून."

मानसीने त्यांना रविवारचं सगळं सांगितलं. शकुताईंचा हात थांबला.

"मग सुरक्षित असं लिहिलंत कशाला?"

"मी तसं लिहिलं नव्हतं."

"सही कुणाची?"

"माझी."

"वा." शकुताईंनी पुढच्या ताटलीत भाजी वाढली. "पोरांचं रक्त कमी आहे, डॉक्टर म्हणतो पालेभाजी द्या. तुम्ही म्हणताय देऊ नका. काय देऊ, नुसता भात?"

"नको असं नाही म्हणत मी. पुरवठादार बदला, आणि दोनदा धुऊन घ्या."

"नळाला पाणी किती वेळ असतं इथं, ते तुमच्या मशीनला विचारा एकदा."

मानसीने ट्रस्टला स्वतःच्या नावाने मेल केली. उत्तर अगदी सभ्य आलं: आपली सूचना मोलाची आहे, पुढच्या टप्प्यात अवश्य विचार करू. पुढचा टप्पा कुठला, ते त्यात नव्हतं. पुरवठादार तोच राहिला.

सध्या ती परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचं काम करते. तिकडच्या खरेदीदाराने त्यांच्याकडच्या मुलांच्या खाण्याची माहिती पाठवलीय, वयाप्रमाणे, सातही वारांची, सुट्टीचे दिवस वेगळे काढून. देवव्रत सर म्हणाले, बघ, काम असं असावं. द्राक्षं तपासून, तोलून मापून निघतात. नापास झालेली कुठे जातात, ते गुणाजींनी जेवताना विचारलं, तेव्हा मानसी म्हणाली, "इथेच, बाबा."

मधेच कधीतरी ती गोवंडीचं काम उघडून बसते. गणित तयार आहे. भाज्यांचे आकडे आहेत, मुलांची वजनं आहेत. फक्त कुठल्यातरी बुधवारी सकाळी बालवाडीच्या दारात उभं राहून एकेका आईला विचारायचं राहिलंय, आणि ते विचारायला तिला कुणी पाठवत नाही: काल, मंगळवारी, तुमच्या मुलाने घरी काय खाल्लं?