फंडाचे पैसे आणि कोळीवाड्याचा नळ

मी आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात सुईण होते. मुंबईत शिकून, परीक्षा देऊन आलेली, म्हणून लोक मला 'बाई' म्हणत. गाव कुलाबा जिल्ह्यातलं, खाडीच्या तोंडावरचं. दरमहा आमच्या पगारातून फंडासाठी थोडी रक्कम कापली जाई. तेवढीच भर म्युनिसिपालिटीनं घालायची आणि नोकरी सुटल्यावर सगळं एकदम हाती द्यायचं, असा नियम होता. आम्हा लहान नोकरांना पेन्शन नव्हतं. म्हातारपणाची सोय म्हणजे हा फंड.

रस्त्यावरचे दिवे लावणारे काका आमच्यात सर्वांत जुने. मूळचे तळे गावाकडचे. खांद्यावर शिडी, हातात घासलेटचा डबा घेऊन संध्याकाळी गावभर फिरत. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी गावी परतायचं ठरवलं आणि फंड मागितला. "पुढच्या महिन्यात बघू," असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यातही तेच. पैसे हातात पडल्याशिवाय नोकरी सोडायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून त्याच गुडघ्यांनी ते शिडी चढत राहिले. अखेर बाजाराच्या कोपऱ्यावर शिडी घसरली आणि त्यांचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, मी फळ्या बांधल्या.

"बाई, माजं पैसं हायत का न्हायत, येवढं तरी कुनी सांगा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते वकील होते, खादी घालत, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. गावाला त्यांच्याबद्दल आदर होता, मलाही होता. त्यांनी टाळाटाळ केली नाही.

"फंडात पैसे नाहीत, बाई. नळाला लागले."

तो नळ मला चांगला माहीत होता. कोळीवाड्यातल्या विहिरी खाऱ्या. बायका डोंगराच्या पायथ्यापासून हंडे भरून आणत. दिवस भरलेल्या बायकासुद्धा. त्या वाटेवर बाळंत झालेल्या एका बाईला मीच उचलून आणलं होतं. अध्यक्षांनी खटपट करून झऱ्याचं पाणी नळानं कोळीवाड्यात आणलं. त्यासाठी घरपट्टी वाढवायची ठरली होती, पण निवडणूक जवळ आली आणि एकाही सभासदाचा हात वर झाला नाही. तेव्हा तात्पुरते म्हणून फंडाचे पैसे उचलले, ते परत गेलेच नाहीत.

"मग आता?"

"पट्टी वाढली की भरू."

"ती कधी वाढणार?"

"सभासदांचे हात वर होतील तेव्हा."

"मग मी कलेक्टरांकडे अर्ज करते."

"सरकारला गावात बोलावणार तुम्ही? उद्या म्हणतील, यांना एक म्युनिसिपालिटी चालवता येत नाही आणि स्वराज्य मागतात."

"म्हणतील. पण काकांना मी काय सांगू?"

ते मला सोडायला ओटीपर्यंत आले. मग म्हणाले, "करा अर्ज. मी अडवणार नाही."

मी तो लिहिला आणि अलिबागेला जाऊन स्वतः दिला. तिथून परतताना माझं मन काही हलकं झालं नव्हतं.

पावसाळ्यानंतर तपासणी झाली आणि कलेक्टरांचा हुकूम आला. यापुढे म्युनिसिपालिटीचं अंदाजपत्रक सरकारच्या मंजुरीवाचून चालणार नव्हतं. सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीशिवाय कसलाही खर्च होणार नव्हता. हे अधिकारी गोरे साहेब वगैरे नव्हते, घाटावरचे पेन्शनीत निघालेले मामलेदार होते. त्यांनी घरपट्टी वाढवली, नळाला पाणीपट्टी बसवली, निम्मे दिवे बंद केले, वाचनालयातली वर्तमानपत्रं थांबवली आणि माझी मदतनीस कमी केली.

मी त्यांना विचारलं, "दोन बाळंतपणं एकदम आली तर?"

"फंड भरायचा तर कुठेतरी कापावंच लागतं," ते म्हणाले. "आणि अर्ज तुमचाच होता ना, बाई?"

गावाचा राग माझ्यावर निघाला. काही घरांनी मला बोलावणंच सोडलं. कोळीवाड्यातली एक म्हातारी भर बाजारात म्हणाली, "आमाला पानी देनारा चोर झाला न पट्टी घेनारा साव झाला काय गो, बाई?"

पट्टी भरायची नाही असं ठरवायला देवळाच्या पटांगणात सभा भरली. जोरदार भाषणं झाली. अध्यक्ष शेवटी उठले.

"पैसे या नोकरांच्या पगारातले होते. ते मी खर्च केले. नळ हवाच होता, आणि पट्टी वाढवायला आपल्यातलं कुणी तयार नव्हतं. सरकारशी लढायला मी पुढे आहे, पण काकांचा फंड बुडवून नाही. मी उद्या पट्टी भरणार आहे. तुम्हीही भरा."

टाळ्या पडल्या नाहीत. बरेच लोक आधीच उठून गेले. पण हळूहळू, कुरकुरत, पट्टी भरली गेली.

त्याच थंडीत मी एका बाळंतपणात अडकलेली असताना कोळीवाड्यातून बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा मूल गेलेलं होतं. मदतनीस असती तर ते वाचलं असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वाचलं नसतं, असंही नाही.

होळीच्या सुमारास काकांना त्यांचा सगळा फंड मिळाला. गावी निघताना ते दवाखान्यात आले. मनगट वाकडंच बसलं होतं.

"माज्यापायी तुमाला लई ऐकून घ्यावं लागलं," ते म्हणाले.

"माझेही पैसे त्यात होतेच की, काका," मी म्हणाले. ते खरंच होतं.

पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले. फंड भरून झाल्यावर सरकारी अधिकारी गेले, दिवे पुन्हा लागले, वाचनालयात वर्तमानपत्रं येऊ लागली. मदतनिसाची जागा मात्र नव्या सभासदांनी भरली नाही. मी दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी ती मागत राहिले.