टाकी फुटली तेव्हा पोटात की कडेवर?

आमच्या वस्तीतल्या शिंपीणबाईंना सगळे टाचणीमावशी म्हणतात. तोंडात कायम चार-पाच टाचण्या, आणि त्या न काढता बाई माणसाची सालटी काढतात. माझी तर रोज.

त्या दिवशी मी पेटलेलीच होते. वस्तीतली दोन खाटांची प्रसूतीची खोली महिनाअखेरीला बंद, अशी नोटीस दारावर डकवली होती. कारण काय, तर वर्षाला चाळीस बाळंतपणं हवीत आणि दफ्तरात आमच्या वस्तीचे जन्म फक्त अकरा! अहो, बहुतेक बायकांना नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात जावं लागतं, कारण इथली नर्स आठवड्यातून दोनदाच उगवते. मूल तिकडे झालं की नोंदही तिकडचीच. मावशीच्या सुनेला आठवा सरलेला. तिचं पहिलं बाळंतपण पुलावर, रिक्षात झालं होतं.

"मोर्चा काढते!" मी म्हणाले.

"काढ की. ओरडून पोरं वाढतात का बघ," मावशी टाचण्यांमधून म्हणाल्या. "अगं, जन्म लिहिले नसतील, पण जन्मलेली पोरं तर समोर हुंदडतायत. पाच वर्षांच्या आतली मोज, पाचाने भाग. वर्षाला किती होतात ते कळेल."

शाळा मी सातवीत सोडली, पण भागाकार मला येतो. आठवडाभर दारोदार फिरले, दहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांची वयं लिहिली, पाचाच्या आतली तीनशे अठरा भरली आणि ताठ मानेने आरोग्य खात्याच्या साहेबांच्या टेबलावर यादी आपटली. भागून त्रेसष्ट!

साहेबांनी चष्मा पुसला, यादी वाचली आणि गालात हसले. "बाई, चार वर्षांची पोरं एकशे एकवीस. पाच वर्षांचं एकही नाही. तुमच्याकडे पोरं चारावरून थेट सहावर उडी मारतात का?"

शिपाईसुद्धा हसला. माझे कान तापले. मी काहीतरी बोलले, ते इथे लिहीत नाही.

मावशींना सांगितलं तर त्या मशीनवर डोकं ठेवून हसल्या. "अगं येडे, बसमध्ये पाच पूर्ण झाली की तिकीट लागतं! इथली आई झोपेतसुद्धा चारच सांगते. वय विचारायचंच नाही. चल."

मशीनवर कापड झाकून बाई निघाल्या. पाण्याची टाकी फुटून त्याच आठवड्यात पाच वर्षं झाली होती. दारात उभ्या राहून त्यांचा एकच प्रश्न: "टाकी फुटली तेव्हा हा पोटात होता की कडेवर?"

"कडेवर! एका हातात हा, एका हातात गादी. काय भिजलो होतो मावशी!"

"खोड याला," मावशी मला म्हणायच्या. असे ब्याऐंशी खोडले. उरले दोनशे छत्तीस.

पण प्रत्येक दारात त्या शेवटी टाचण्या तोंडातून काढायच्या आणि हळूच विचारायच्या, "आणि टाकीनंतर झालेलं, पण राहिलं नाही असं?" मी हे विचारलंच नव्हतं. नऊ निघाली. दोनशे पंचेचाळीस. वर्षाला एकोणपन्नास.

मग पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका मोजल्या. तिथे तर पन्नाशी कुणी ओलांडायलाच तयार नाही; मावशी स्वतः गेली सहा वर्षं एकोणपन्नासाव्यात आहेत. त्यांनाही थोरल्या पोराच्या वयावरून पकडलं. मावशींना मी पकडलं. पाचशे चाळीस बायका, म्हणजे हजारामागे वर्षाला नव्वद बाळं. साहेबांच्या अकरावरून निघत होती वीस.

साहेब या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "घरं मी निवडणार. स्वतः विचारणार."

"या की," मावशी म्हणाल्या. "फक्त वय विचारू नका."

दहा घरं त्यांनी निवडली. नऊ ठिकाणी आमच्या यादीशी उत्तर जुळलं. दहाव्या दारात साहेबांनी घसा खाकरला. "बाई, टाकी फुटली तेव्हा हा..."

"टाकी फुटली तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते आधी सांगा!" बाई कंबरेवर हात ठेवून कडाडली. "तीन दिवस पाणी नव्हतं, आणि हा दोन दिवसांचा होता!"

"कडेवर," साहेबांनी निमूटपणे लिहिलं. आमच्या यादीतही तो खोडलेलाच होता.

नोटीस दारावरून निघाली. खोली चालू राहिली, आणि नर्स रोज यायला लागली. एकोणपन्नास बाळंतपणांना आठवड्याचे दोन दिवस कसे पुरतील, हे साहेबांनाच वर लिहून कळवावं लागलं.

बाराव्या दिवशी मावशीच्या सुनेला तिथेच मुलगी झाली. मी दारात पोहोचले, मूठ वर केली, घोषणा ओठांवर आली होती.

"हळू!" मावशींनी डोळे वटारले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी मूठ खाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच.