पिल्लू सोमवारी जेवायचं

पिल्लू घरात आलं तेव्हा माझी एकच अट होती. आपल्या घरात राहायचं तर आपल्यासारखं जेवायचं. आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण सत्तावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्यावर शंका घ्यायला शिकलेच नव्हते.

ह्यांचं पेंड-भुशाचं दुकान आहे. बिद्रीकडच्या एका गिऱ्हाइकाच्या गोठ्यात कुत्री व्याली होती. त्यातलं एक तांबूस, पुढचे दोन पाय पांढरे असलेलं पिल्लू हे स्कूटरवर पायाशी खोक्यात ठेवून कसबा बावड्याच्या आमच्या घरी घेऊन आले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून घर सुनंसुनं झालं होतं, म्हणून मीही फार ताणलं नाही. नाव काय ठेवायचं यावर आमचं एकमत झालं नाही, तेव्हा ते पिल्लूच राहिलं.

अटीचं कारण सांगायला हवं. माझं सासर लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. माझं माहेर शाहूवाडीकडचं, मराठ्यांचं, भातशेती करणारं. रविवारी चुलीवर मटण नसलं की घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजायचे. कॉलेजात ह्यांची ओळख झाली, दोन्ही घरांची समजूत काढण्यात दोन वर्षं गेली आणि एकदाचं लग्न झालं. त्या दिवसापासून मी मटण सोडलं. कोल्हापुरात राहून मटण सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. रविवारी अकराच्या सुमाराला कुठल्याही गल्लीतून चालत जा, घराघरातून खोबरं-तीळ भाजल्याचा वास येतो. पहिली दोन वर्षं मी त्या वेळेला खिडक्या लावून घ्यायची आणि भांडी घासत बसायची. डोळ्यांत पाणी यायचं, ते मी राखेवर ढकलायची.

ह्यांना त्याचं फार कौतुक. चार पाहुण्यांत सांगायचे, "माझ्यासाठी सोडलं हिनं." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माणसाला आपण केलेल्या त्यागाचं कुणी तरी नाव घ्यावं एवढंच हवं असतं, आणि ते मला मिळत होतं.

तर पिल्लू. ते काही खाईना. पहिल्या दिवशी दूध-भाकरी कुस्करून दिली. वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हटलं, नवीन जागा आहे, रुळेल. दुसऱ्या दिवशी दहीभात. तिसऱ्या दिवशी ताकातल्या कण्या. मग लोणी लावलेली चपाती, उकडलेलं रताळं, भोपळा, पनीर. गल्लीतल्या म्हशीचा खरवस आला होता, तो मी मुलाला पार्सल करायचा सोडून ह्याच्यापुढे ठेवला. ह्यानं त्यात पाय घातला. दुकानातनं कुत्र्याच्या खाण्याची पिशवी आणली, चष्मा लावून मागचं वाचलं, त्यात कोंबडी निघाली, तशीच परत देऊन आले. शेवटी मी मांडी घालून जमिनीवर बसायची, एकेक घास बोटानं त्याच्या तोंडाला लावायची. ते माझं बोट प्रेमानं चाटायचं आणि घास तेवढा बाजूला ठेवायचं. पोटच्या पोराचे एवढे लाड मी केले नाहीत. पोरानं ताट ढकललं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

फक्त सोमवारी ते जेवायचं. आमचा दोघांचा सोमवारचा कडक उपास, आणि नेमकं त्याच दिवशी हे वाटीभर दूध-भाकरी चाटूनपुसून खायचं. "उलट्या काळजाचं हाय," मी म्हणायची. हे हसायचे आणि साबुदाण्याची खिचडी खायचे.

दुपारी माल उतरायचा असतो म्हणून ह्यांचा डबा दुकानात जातो. तीनच्या सुमाराला घरी येऊन हे तासभर पडतात. पिल्लू आल्यापासून पडायच्या आधी पिल्लाला उसाच्या बांधावर फिरवून आणायचे. भर उन्हात. मी म्हणायची, "आवो, जरा ऊन तरी उतरू द्या." पण स्कूटरचा आवाज आला की पिल्लू वेडंपिसं व्हायचं, डिकीवर पाय टाकून उभं राहायचं. मी हेवा करायची, खोटं कशाला बोलू. रांधून घालणारी मी, मिनतवाऱ्या करणारी मी, आणि जीव ह्यांच्यावर.

दोन महिन्यांनी पिल्लू शी करताना कुंथायला लागलं. कळवळायचं. मी त्याला टॉवेलात गुंडाळून रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि गेल्या गेल्या रडगाणं सुरू केलं, की ह्याच्या पोटात अन्नाचा कण नाही, हे जगतं का मरतं.

डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं, पोट दाबलं आणि माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, हे उपाशी न्हाय. ह्यो चांगला पैलवान हाय."

"अवो, कायच खात न्हाय."

"शी पांढरी हुतीया का? खडूगत?"

मी हो म्हटलं.

"हाडं खाऊन हुतं तसं. शिजलेली हाडं घालू नका, आतड्यात अडकतील. मटण घालायचं तर नुसतं उकडून, मीठ-मसाला न घालता घाला."

मी डॉक्टरांना तिथंच सुनावलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तुम्ही कुणाच्या घरची गोष्ट कुणाला सांगताय? त्यांनी मुकाट्यानं औषध लिहून दिलं.

रिक्षात बसल्या बसल्या माझा संशय पक्का झाला. शेजारीण. त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा मटण शिजतं, आणि आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी पिल्लू घरात ठेवलं आणि तशीच त्यांच्या दारात गेले. तोंडाला येईल ते बोलले. दुसऱ्याच्या घरचं वळण बिघडवताना लाज वाटत नाही का, आमचा धर्म बुडवायला निघालाय का, जनावराचा जीव गेला असता म्हणजे. बाई बिचारी लसूण सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. एरवी तोंडाला तोंड देणारी बाई, पण त्या दिवशी तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"मी कशाला घालतो तुमच्या पिल्लाला?" ती म्हणाली. मग सोललेली पाकळी ताटलीत टाकून, "घरात इचारा की वहिनी."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. माझी कीव होती. मला ती शिवीपेक्षा जास्त लागली. घरात कुणाला विचारायचं? घरात आम्ही दोघंच.

त्याच दिवशी तीन वाजता हे आले. पाय धुवायला न्हाणीत गेले. किल्ली स्कूटरलाच होती. पिल्लू डिकीवर पाय टाकून उभं. मी डिकी उघडली. आत माझा डबा होता आणि त्याच्याखाली वर्तमानपत्रात बांधलेली पिशवी. पिशवीत रश्श्यानं लाल झालेली हाडं. सत्तावीस वर्षांत ह्या घरात तो वास इतक्या जवळून पहिल्यांदाच नाकात गेला. डबा उघडला. तो रिकामा होता, विसळून स्वच्छ केलेला.

हे टॉवेलला पाय पुसत बाहेर आले आणि मला बघून जागीच उभे राहिले.

"हे काय हाय?"

"पिल्लासाठी. खानावळीतनं मागून आणतोय रोज. सोमवारी तेवढी बंद असती." हे पटकन म्हणाले. "उपाशी मरतंय असं वाटलं गं. तू मनाला लावून घेशील म्हणून सांगितलं न्हाय."

खरं सांगते, माझा विश्वास बसलाही होता. मुक्या जिवाची दया आली, बायकोला घाबरून लपवलं, एवढंच. मी पिशवी ह्यांच्या हातात देऊन वळणारच होते. मग मनात आलं ते तोंडातून बाहेर पडलं.

"पण तुमी खानावळीत कशाला जातासा?"

हे पायरीवर बसले. पिशवी मांडीवर. पिल्लू पिशवीला नाक लावून शेपूट हलवत होतं.

"जेवायला," हे म्हणाले.

"कधीपास्नं?"

"कॉलेजात असल्यापास्नं."

"आणि माझा डबा?"

"हमाल खातोय. तुझ्या वांग्याचं लई कौतुक करतोय."

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. पिल्लू घाबरून कॉटखाली गेलं एवढं आठवतं. आठवड्यातून दोनदा तरी, सत्तावीस वर्षं, आणि पिल्लू आल्यापासून तर रोज. खानावळवाल्याला माहीत, दुकानाच्या शेजारच्यांना माहीत, हमालाला माहीत, शेजारणीच्या नवऱ्याला माहीत, म्हणजे शेजारणीलाही. मी पुण्याला पोराला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मला आठवीपासनं म्हाईत हाय. पप्पांनी शपथ घातलेली." सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट एकट्या मलाच माहीत नव्हती, आणि मी पाहुण्यांत मान वर करून बसत होते. शेजारणीची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या वहिनी." तिनं मला चहा दिला आणि मी तो तिच्याकडे न बघता प्यायले.

पण त्या दुपारी ह्यांनी जे म्हटलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. माझं बोलणं संपल्यावर हे शांतपणे म्हणाले, "मी कधी म्हटलंतं तुला, सोड म्हणून?"

मी आठवून बघितलं. खरंच नव्हतं म्हटलं. सासूबाई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या की आमच्यात चालत नाही. पुढचं सगळं मी माझ्या मनानं केलं. ह्यांनी सोड म्हटलं नाही आणि सोडू नकोसही म्हटलं नाही. माझा त्याग तेवढा ह्यांनी फुकट वापरला.

मग मला म्हाई आठवली. म्हाई म्हणजे माझ्या माहेरगावच्या देवीची जत्रा. घरोघरी बकरं पडतं आणि पाहुण्यांच्या पंगती उठतात. दर वर्षी आम्ही दोघं जायचो, आणि आई आमच्या दोघांसाठी वेगळ्या भांड्यांत पुरणाचा स्वयंपाक करायची. चार वर्षांपूर्वीच्या म्हाईला आईच्या अंगात ताकद नव्हती, तरी मटण तिनं स्वतः केलं, सुनांना चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मी स्वयंपाकघरात एकटी असताना तिनं एक वाटी माझ्यापुढे धरली. रश्श्यावर तवंग होता, दोन चांगल्या फोडी होत्या.

"तुझ्या वाटणीचं काढून ठेवलंय. एक घोट घे की गं. कोण बघतंय?"

"आई, हे भाईर बसल्यात. मला न्हाय जमायचं."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडात काहीतरी शब्द आले होते असं मला वाटलं, पण ती बोलली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि वाटी घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली. मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. दोन महिन्यांनी आई गेली.

ते आठवलं आणि मी पायरीवर बसलेल्या ह्यांना विचारलं, "आईच्या शेवटच्या म्हाईला तुमी काय जेवलासा?"

ह्यांनी मान खाली घातली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"तुझ्या भावानं गोठ्यामागं नेलं," हे म्हणाले. "तुझी आई आली मागच्या दारानं. तिनंच वाटी दिली. पहिल्यापास्नं म्हाईत हुतं तिला. मीच हात जोडून सांगितलंतं, हिला सांगू नका म्हणून."

म्हणजे आईला माहीत होतं. म्हणून ती वाटी घेऊन आली होती. पोरगी उगाच मन मारून जगतेय हे तिला दिसत होतं, आणि जावयाला दिलेला शब्द तिला मोडवत नव्हता. ती माझ्याकडे तशी का बघत राहिली ते मला चार वर्षांनी कळलं. तिचाही मला राग आला. मेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही, तरी आला.

आता घरात लपवाछपवी नाही. पिल्लासाठी मटण हेच आणतात आणि परसात वेगळ्या शेगडीवर हेच उकडतात. पिल्लू ताटली चाटून लखलखीत करतं आणि गुबगुबीत झालं आहे. हे माझ्याशी फार जपून बोलतात. परवा म्हणाले, "चल की, रविवारी दोघं जाऊ खानावळीत. आता कुणाची आडकाठी हाय तुला?"

आडकाठी कुणाचीच नाही. सासूबाई जाऊनही सहा वर्षं झाली. कोल्हापुरात मटणाला तोटा नाही, खानावळीतलं चांगलं असतं असं सगळेच सांगतात. पण मला ती वाटी हवी आहे, आणि ती ह्यांनी गोठ्यामागं उभ्या उभ्या संपवली.